गाल बघा, मग चिमणी म्हणा

गेल्या २० मार्चला आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जागतिक चिमणी दिनाच्या शुभेच्छांचे सात फोटो आले. त्यातल्या चार फोटोंमधली चिमणी आपली नव्हतीच. मी तसं ग्रुपवर लिहिलं. समोरच्या घरातल्या आप्पांनी त्याला उत्तर दिलं नाही, ते थेट आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, ‘‘मंग ती कोन शे?’’

प्रश्न रास्त होता. आप्पांचं सगळं आयुष्य अमळनेर तालुक्यात गेलं. खळ्यावर, गोठ्यात, ओसरीवर त्यांनी हजारो चिमण्या बघितल्या आहेत. पण बघितल्या म्हणजे निरखल्या असं नाही. चिमणीच्या गालावर काय असतं, असं मी उलट विचारलं, तर त्यांना सांगता आलं नाही. खरं तर मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत आलं नसतं.

तर आधी त्या फोटोंबद्दल. त्यांतल्या पक्ष्याचा माथा पूर्ण तपकिरी होता आणि पांढऱ्या गालावर काळा टिळा होता. ती ट्री स्पॅरो. भारतात ती मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येकडे दिसते, खानदेशात नाही. चीन-जपानकडे मात्र गावात-शहरात, घरांच्या छपरांत हीच राहते. १९५८ साली चीनमध्ये चिमण्या मारण्याची मोहीम निघाली आणि मग किडीने पिकं खाल्ली, ही गोष्ट आपण चिमणी दिनाला हमखास ऐकतो. त्यात मारली गेली ती प्रामुख्याने ही ट्री स्पॅरो. १९६० साली चीनने चिमणीला मारायच्या उपद्रवी जिवांच्या यादीतून काढलं आणि तिच्या जागी ढेकूण घातला. गोष्ट खरी आहे, पण तिची नायिका आपल्या अंगणातली नव्हे. फुकट मिळणाऱ्या फोटोंत बहुतेक हीच येते, म्हणून बॅनरवरही हीच बसते.

आता आपली. हिचं शास्त्रीय नाव पॅसर डोमेस्टिकस. १७५८ साली स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने नाव देतानाच ‘घरातली’ असं म्हणून ठेवलं आहे. भारतातल्या उपजातीला इंडिकस म्हणतात. युरोपातल्या चिमण्याचे गाल राखाडीकडे झुकतात, आपल्याकडच्याचे चांगले पांढरे असतात. लांबी वीतभरही नाही, वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास.

नर आणि मादी इतके वेगळे दिसतात, की लहान मुलं त्यांना दोन वेगळे पक्षी समजतात. नराच्या डोक्यावर मधोमध राखाडी टोपी. तिच्या दोन्ही बाजूंनी, डोळ्याच्या मागून मानेपर्यंत गडद तांबूस-तपकिरी पट्टा. गाल पांढरे, त्यावर ठिपका नाही. आणि चोचीखालून छातीपर्यंत काळा डाग, जणू बाळाच्या गळ्यात लाळेरं बांधलंय. मादीला यातलं काहीच नाही. ती मळकट तपकिरी. पाठीवर काळ्या-तपकिरी रेघा, पोट मातकट आणि साधं, डोळ्यामागे फिकट भुवईसारखी रेघ. तिला ओळखायचं ते त्या भुवईवरून आणि पोटावर रेघा नसण्यावरून.

माथा राखाडी असला की आपला चिमणा, तपकिरी असला आणि गालावर टिळा असला की पाहुणा. आप्पांना एवढं दहा सेकंदांत पटलं. पण मग ते म्हणाले, काही चिमण्यांचा गळा काळाकुट्ट असतो आणि काहींचा अर्धवटच, ते का? इथून खरी गंमत सुरू होते.

चिमण्याचा गळा म्हणजे एक कॅलेंडर आहे. विणीचा हंगाम सरला की, साधारण पावसाळ्याच्या शेवटी, तो जुनी पिसं टाकून नवी घेतो. गळ्यावरची नवी पिसं मुळाशी काळी असतात, पण त्यांची टोकं फिकट असतात. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास बघाल तर डाग धुरकट दिसतो, राख टाकल्यासारखा. पुढे थंडीभर ती फिकट टोकं झिजत जातात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, लग्नसराईच्या वेळी, नवं एकही पीस न उगवता नवरदेव सजलेला असतो. खादीचा सदरा वापरून वापरून मऊ होतो तसं म्हणा. चोचीचंही तसंच. विणीच्या काळात नराची चोच काळी, एरवी शिंगाच्या रंगाची.

ज्याचा डाग मोठा तो चिमणा दादा, बाकीचे त्याला दबून असतात, असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलं जायचं. २०१८ साली काही शास्त्रज्ञांनी यावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले, तेव्हा हा संबंध वाटला होता त्यापेक्षा फारच कच्चा निघाला. नकारात आलेले निष्कर्ष छापलेच जात नव्हते, हेही त्यात एक कारण सापडलं. मला हे वाचून बरं वाटलं. मिशा मोठ्या म्हणजे वजन मोठं, हे गावातही दर वेळी खरं नसतं.

चिमणीसारखे दिसणारे इतर

आपल्याकडे लहान आणि तपकिरी असलं की सगळी चिमणी. त्यामुळे ‘आमच्या शेतात चिमण्या खूप’ असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारतो, त्या चालतात का उड्या मारतात? ही फार सोपी कसोटी आहे. चिमणी जमिनीवर दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. साळुंकी पाय टाकत चालते, होला चालतो, चंडोल चालतो.

धुळ्याकडच्या माळावर, नांगरून पडीक ठेवलेल्या वावरात, जमिनीला चिकटून बसणारा एक छोटा पक्षी दिसतो. तो डोंबारी चंडोल. नराचं पोट काळं आणि माथा राखाडी, त्यामुळे लांबून चिमणा वाटतो. पण तो दोन पावलं चालला की फसगत संपते. शिवाय तो हवेत वर चढून एकदम डोकं खाली करून सूर मारतो. डोंबारी हे नाव त्यावरूनच पडलं.

सुगरणीची मादी मात्र भल्याभल्यांना फसवते. विणीचा काळ संपल्यावर नरही तसाच दिसतो, तेव्हा तर गोंधळ दुप्पट. अंगावर चिमणीच्या मादीसारख्याच रेघा, पण चोच अधिक जाड आणि शेपटी आखूड. भुवईला पिवळट झाक असते. पावसाळ्यात प्रश्नच उरत नाही, कारण नर डोक्यावर पिवळी टोपी घालून विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबत खोपा विणत असतो. खोपा सुगरणीचा म्हणून कितीही गायला गेला, तरी विणणारा तो नर आहे, मादी फक्त बघायला येते आणि पसंत पडला तर राहते. आपली चिमणी या बाबतीत अगदीच अडाणी. काडी, सुतळी, कोंबडीचं पीस, कापूस, मिळेल ते भोकात कोंबायचं, की झालं घर.

मुनिया जातीचे पक्षी गवताच्या कणसांवर थव्याने लोंबकळतात. त्यातली एक फिकट रंगाची, काळ्या टोकदार शेपटीची, चांदीसारख्या चोचीची मनोली बाभुळबनात खूप. आणि परसात तुळशीजवळ शेपटी उभारून बडबडणारा, सुईसारख्या चोचीचा तो वटवट्या. तो किडे टिपतो, दाणे नाही. चोच बघितली तर तो चिमणीचं पिल्लू नाही हे लगेच कळतं.

शेवटचा पाहुणा माझ्या आवडीचा आहे. शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा धडगावच्या बाजूला सातपुड्यात शिरलं, की मोहाच्या झाडांवर एक साधी करडी चिमणी दिसते. पाठीवर एकही रेघ नाही, खांद्यावर तांबूस डाग, पंखावर पांढरे पट्टे, आणि नराच्या गळ्यावर हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. ही पीतकंठी चिमणी, रानचिमणीही म्हणतात. ही झाडाच्या ढोलीत राहते. फुलांतला रसही पिते. सलीम अलींनी शाळकरी वयात मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तिथल्या मिलार्ड साहेबांनी ती ओळखून दिली आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. ती चिमणी हीच. त्या पोराला ‘चिमणीच आहे, काय एवढं’ म्हणून परत पाठवलं असतं तर भारतातल्या पक्षिशास्त्राचं काय झालं असतं, कोण जाणे.

दादर ज्वारी, बाजरी आणि चिमणीचं पोट

चिमणी आपल्या घरात का आली? चांगुलपणा पाहून नाही. ती धान्यामागे आली. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कणगी भरू लागल्या, तेव्हापासून हा पक्षी माणसाच्या पायात पायात आहे. शेती जिकडे पसरली तिकडे तो गेला.

याचा पुरावा तिच्या रक्तातच आहे. मध्य आशियात हिचीच एक उपजात आहे, बॅक्ट्रियानस. ती माणसांपासून दूर, गवताळ रानात राहते, रानगवताचं बी खाते आणि थंडीत दक्षिणेकडे येते. २०१८ साली शास्त्रज्ञांनी घरातल्या आणि रानातल्या चिमण्यांची जनुकं शेजारी ठेवून तपासली. दोन ठिकाणी ठळक फरक निघाला. एक कवटीच्या आणि चोचीच्या ठेवणीशी जोडलेला. दुसरा पिठूळ अन्न पचवणाऱ्या अमायलेज या पाचकरसाशी जोडलेला. शेती आल्यावर माणसात आणि आपल्या पाळीव कुत्र्यातही याच पाचकरसाच्या जनुकांत बदल झालेले आहेत. म्हणजे दादरची भाकरी खाणारे आप्पा, दारातला कुत्रा आणि सुपातले दाणे टिपणारी चिमणी, तिघांचीही पोटं एकाच धान्याने घडवली. शेजारपण म्हणतात ते असं.

पण इथे एक मेख आहे, आणि माझ्या मते चिमणीबद्दल कळायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. दाणे खाते ती मोठी चिमणी. पिलं दाण्यावर वाढत नाहीत. अंड्यातून बाहेर येतं ते उघडं, आंधळं, मांसाच्या गोळ्यासारखं असतं आणि पंधरा दिवसांत त्याला उडायचं असतं. एवढ्या झपाट्याने वाढायला लागतं प्रोटीन. म्हणून आई-बाप अळ्या, मावा, नाकतोडे, कोळी गोळा करून आणतात, पहिले काही दिवस तर जवळजवळ तेवढंच. दोघं मिळून दिवसभर खेपा घालतात. कपाशीवर फवारणी करून आपण बोंडअळी मारतो तेव्हा बांधावरच्या, कुंपणावरच्या बाकीच्या अळ्याही जातात. अंगणात तांदळाच्या कण्या भरपूर पडलेल्या आणि घरट्यात पिल्लू उपाशी, असं होऊ शकतं. गच्चीवर बाजरी टाकणं चांगलंच आहे, पण त्याने जगतात मोठ्या. पिलांसाठी अंगणात एखादी मेंदी, जास्वंद, तुरीचं झाड, कोपऱ्यात वाढू दिलेलं थोडं गवत लागतं.

एका वेळी साधारण तीन ते पाच अंडी, अकरा ते चौदा दिवस उबवणं. उबवायला नरही बसतो, पण जास्त वेळ मादी. वर्षात असे दोन-तीन डाव सहज होतात. कोलकात्यात झालेल्या एका अभ्यासात चिमण्या घरट्यात निंबाचा पाला आणून ठेवतात असं दिसलं, किडीचा त्रास कमी व्हावा म्हणून असावं. आपल्याकडे धान्याच्या कोठीत निंबाचा पाला घालतातच. कोणी कोणाकडून शिकलं, हा वाद आप्पा आणि माझ्यात अजून मिटलेला नाही.

धाब्याची घरं गेली, मग?

आमच्या जुन्या घराला धाबं होतं. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे, वर फळ्या, त्यावर माती. सऱ्याच्या आणि भिंतीच्या मधली बोट-दोन बोटं फट म्हणजे चिमणीसाठी तयार खोली. स्लॅबच्या घरात अशी फटच नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक आले आणि धूळही गेली. चिमणीला धूळ का लागते, तर ती धुळीत न्हाते. जमिनीत वाटीएवढा खळगा करून पंखांनी धूळ अंगावर उडवते. त्याने पिसांतलं जास्तीचं तेल आणि उवा-पिसवांसारखी कीड निघते असं मानतात. गोष्टीतली चिऊताई बाळाला न्हाऊ घालत बसते आणि काऊला दार उघडत नाही. खरी असती तर बाळाला मातीत लोळवलं असतं.

म्हणून चिमण्या संपल्या का? इथे लोकांना सरसकट बोलायला आवडतं. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात चिमणी गेल्या पंचवीसएक वर्षांत देशभर साधारण टिकून असल्याचं दिसलं. घट दिसली ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद अशा महानगरांत. मोबाइलच्या टॉवरमुळे चिमण्या गेल्या, याला भक्कम पुरावा नाही. आमच्याकडे बाजार समितीच्या आवारात, लिलावाच्या ढिगांवर किंवा रेल्वेच्या मालधक्क्यावर सकाळी जाऊन उभे राहा, चिमण्यांची गर्दी दिसेल. नव्या कॉलनीत मात्र दिवसभर एक दिसायची नाही. गाव तेच, दोन किलोमीटरचा फरक. दाणा, भोक, झुडूप आणि किडे, यातलं काय कुठे तुटलं ते बघितलं की त्या दोन किलोमीटरचा उलगडा होतो.

लाकडी खोकं टांगायचं असेल तर भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा. चिमणीला तेवढं पुरतं आणि साळुंकीला आत शिरता येत नाही. खाली बसायला दांडी लावू नका, तिची गरज नसते. आणि पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं खोकं खानदेशात तरी नकोच. पंख्याच्या आसपास तर मुळीच टांगू नका.

पत्रा का नको, याचं उत्तर आपल्या उन्हात आहे. चिमणीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंशांच्या घरात असतं. तिला घाम येत नाही. हवा त्यापेक्षा थंड असेल तोवर अंगातली उष्णता बाहेर जाते. पण भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, की हवाच तिच्या अंगापेक्षा गरम होते. उष्णता बाहेर जायची थांबते, उलट आत यायला लागते. मग एकच वाट उरते, पाण्याची वाफ. दुपारी सावलीत चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून बसलेली चिमणी दिसते ना, ती श्वासावाटे पाणी उडवून अंग गार करत असते. हे पाणी कुठून तरी भरून यावं लागतं. म्हणून दाण्यापेक्षा पाणी आधी. मातीचं पसरट परळ, बोटभर खोल, सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी, आणि रोज घासून. खोल भांड्यात पिल्लू बुडतं. प्लास्टिकच्या डब्यातलं पाणी दुपारपर्यंत चहाला होतं.

जमिनीवर पिल्लू सापडलं, अंगावर पिसं आहेत, चोचीच्या कडेला पिवळी किनार आहे, तर ते उडायला शिकतंय. उचलून कुंपणावर, झुडपात ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की चिमण्या पिलाला टाकून देतात हे खरं नाही, आई-बाप पुन्हा भरवायला येतात. घरी आणून त्याला दूध-पोळी भरवण्याने मात्र ते जातं.

हे सगळं ऐकून झाल्यावर आप्पांनी मूळ दुखणं काढलं. त्यांच्या मोटारसायकलच्या आरशावर रोज सकाळी एक चिमणा चोची मारतो, आरसा घाण करून ठेवतो. वेड लागलंय का त्याला? वेड नाही. विणीच्या दिवसांत नर आपल्या घरट्याची जागा राखत असतो आणि आरशात त्याला तेवढ्याच ताकदीचा, तेवढ्याच काळ्या गळ्याचा दुसरा नर दिसतो. तो मागे हटत नाही, हाही हटत नाही. गाडी हलवली तर पुढच्या आरशावर जातो. उपाय एकच, प्रतिस्पर्धी दिसेनासा करायचा. त्या दिवसापासून आप्पांच्या गाडीच्या दोन्ही आरशांना नातवाचे शाळेचे पायमोजे घातलेले आहेत.